अरुंधतीची तारका आणि जळून गेलेले जग

विवाहविधीत सप्तपदी झाल्यावर वधूवरांना अंगणात नेऊन ध्रुव आणि अरुंधती दाखविण्याची आपली जुनी चाल आहे. आता मंगल कार्यालयाच्या छतातून आकाश दिसत नाही आणि मुहूर्तही बहुधा दुपारचाच असतो. त्यामुळे गुरुजी वर बोट करून ‘दिसली म्हणा’ असे सांगतात, आणि वधूवर मुकाट्याने ‘दिसली’ म्हणतात. सप्तर्षींच्या शेपटीत जे तीन तारे आहेत त्यांतला मधला वसिष्ठ, आणि त्याला अगदी खेटून असलेली मिणमिणती तारका ती अरुंधती. या तारकेशी निगडित अशी दुसरीही एक समजूत आपल्याकडे आहे. मंगलकार्यात ती कोणी उच्चारीत नाही, इतकेच. आसन्नमरण माणसाची लक्षणे चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात दिली आहेत. सप्तर्षींजवळची अरुंधती ज्याला दिसत नाही तो वर्षभरात जातो, असे त्यांपैकी एक लक्षण आहे.

नेमकी हीच तारका, परंतु समजूत उलटी करून, एका जपानी चित्रकथेत वापरलेली आहे. तेथे सप्तर्षींच्या बाजूची ती लहानशी तारका ज्याला दिसू लागते त्याचा मृत्यू जवळ आला असे समजतात. या चित्रकथेचे नाव ‘होकुतो नो केन’. होकुतो म्हणजे आपले सप्तर्षी आणि केन म्हणजे मूठ. आमच्या शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांपैकी काहींना या कथेतील पात्रांची नावे पाठ आहेत असे ध्यानी आले. ‘गुरुजी, हे पाहू द्यावे का? फार रक्तपात आहे हो त्यात,’ असे दोघातिघा पालकांनी विचारलेही. न वाचता मत देणे आमच्या पेशाला शोभत नाही. म्हणून इंग्रजी भाषांतर मिळवून ती वाचली, आणि तिच्यावरून निघालेली चलच्चित्रेही जमतील तेवढी पाहिली. त्यातून जे मत बनले ते येथे मांडीत आहे.

प्रथम थोडी माहिती. जपानात चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात, आणि मांगा हे तेथे केवळ पोराटोरांचे वाचन नाही. ‘साप्ताहिक शोनेन जंप’ या मुलग्यांसाठी निघणाऱ्या लोकप्रिय साप्ताहिकात ‘होकुतो नो केन’ १९८३ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि १९८८ च्या ऑगस्टात संपली. एकूण प्रकरणे २४५; पुस्तकरूपाने २७ भाग. कथा लिहिणारे ‘बुरॉन्सन’ या टोपणनावाचे लेखक, जन्म १९४७ चा. चित्रे तेत्सुओ हारा यांची, जन्म १९६१ चा. म्हणजे आरंभी चित्रकाराचे वय अवघे बावीस. लेखक पूर्वी जपानच्या हवाई संरक्षण दलात होते, आणि टोपणनाव त्यांना चार्ल्स ब्रॉन्सन या अमेरिकी नटावरून मिळाले. १९८१ साली निघालेल्या ‘मॅड मॅक्स २’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाची छाप तर पानोपानी दिसते. तेच वैराण रस्ते, त्याच फटफट्या आणि तीच चामड्याची बंडी.

कथेचा काळ म्हणून ‘एकोणीसशे नव्वद आणि काही’ असे मोघम साल दिले आहे. अण्वस्त्रांच्या ज्वाळांनी पृथ्वी होरपळून गेली आहे. समुद्र आटले, भूमी भेगाळली, आणि जे वाचले त्यांच्यावर बळी तो कान पिळी हाच एक कायदा उरला. अशा जगात केन्शिरो नावाचा तरुण भटकत असतो. त्याच्या छातीवर सप्तर्षींच्या आकृतीत सात व्रण आहेत. तो एका प्राचीन मुष्टिविद्येचा चौसष्टावा वारसदार आहे, आणि या विद्येत शरीरावरील ७०८ गुप्त स्थाने सांगितली आहेत. सुश्रुताची १०७ मर्मे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तिचे मूळ मात्र चिनी वैद्यकातील नाड्यांत आहे. केन्शिरोने मर्मावर बोट टेकले की प्रतिपक्षी काही क्षण तसाच उभा राहतो. केन्शिरो त्याला शांतपणे सांगतो की तू तर आधीच मेलेला आहेस. आणि मग त्या माणसाचे शरीर आतून फुटते. ‘क्रूर’ म्हणून या कथेचा जो बोलबाला झाला तो या फुटण्यामुळे.

जगाचा अंत इतक्या सहजपणे गृहीत धरणारी कथा १९८३ सालीच का निघाली हे समजून घेतले पाहिजे. त्या वर्षी १ सप्टेंबरला, म्हणजे ही कथा सुरू होण्याच्या अवघे काही दिवस आधी, सोव्हिएत लढाऊ विमानाने साखालिन बेटाजवळ दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि २६९ माणसे मेली. साखालिन म्हणजे जपानचा उत्तरेकडील शेजार. अमेरिका आणि रशिया यांच्यातील तणाव त्या वर्षी कळसाला पोचला होता. शिवाय नोस्त्रादामुसच्या भविष्यावर जपानात १९७३ साली निघालेले एक पुस्तक अफाट खपले होते आणि १९९९ साली जग बुडणार हे तेथील शाळकरी पोरांनाही पाठ झाले होते. तेव्हा ‘एकोणीसशे नव्वद आणि काही’ या आकड्याचा अर्थ जपानी वाचकाला फोड करून सांगावा लागत नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या कथेत रक्त फार आहे यात शंका नाही. परंतु कथा वाचून संपल्यावर जे मनात राहते ते रक्त नव्हे, असा माझा तरी अनुभव आहे.

अगदी आरंभीच्या भागात एक म्हातारा येतो. भुकेने व्याकूळ झालेल्या त्या म्हाताऱ्याच्या हाती एक पिशवी आहे आणि तिच्यात भाताचे बियाणे. भूक लागली तरी तो ते खात नाही. आजच्या पोटापेक्षा उद्याची पेरणी मोठी, इतकेच त्याला कळते. ज्या जगात नोटांना रद्दीची किंमत उरलेली नाही, त्या जगात हा एक माणूस पुढील हंगामाचा विचार करतो आहे. दुष्काळात उपाशी राहिलेल्या पण बियाण्याच्या कणगीला हात न लावलेल्या आपल्या शेतकऱ्यांच्या कथा आपण आजोळी ऐकलेल्या असतात. तोच हा माणूस. गुंड येतात, बियाण्यासाठी त्याला मारतात. केन्शिरो गुंडांचा समाचार घेतो हे सांगायला नकोच. मात्र त्यानंतर तो म्हाताऱ्याचे दफन करतो आणि ते बी त्याच्याच थडग्यावर पेरतो. अशा मातीत काही उगवणार नाही, असे सोबतचा बॅट नावाचा पोरगा म्हणतो. केन्शिरो म्हणतो, उगवेल. खाली तो म्हातारा आहे.

दुसरा प्रसंग तोकीचा. केन्शिरोच्या थोरल्या गुरुबंधूंपैकी हा सर्वांत गुणी; विद्येचा वारसा खरे तर त्याच्याकडेच जायचा. अण्वस्त्रे पडली त्या दिवशी तो, केन्शिरो आणि केन्शिरोची वाग्दत्त वधू युरिया भूमिगत आश्रयस्थानाच्या दाराशी पोचतात. आत मुलेबाळे दाटीवाटीने बसलेली. अगदी रेटून बसले तरी आणखी दोघांनाच जागा. तोकी त्या दोघांना आत ढकलतो आणि बाहेरून दार लावून घेतो. दार उघडते तेव्हा तो जिवंत असतो, पण राखेने माखलेला. पुढे त्याचे केस पांढरे होतात, रक्ताच्या उलट्या होतात, आणि तो उरलेले आयुष्य त्याच मर्मविद्येने रोग्यांना बरे करण्यात घालवितो. या राखेला जपानी भाषेत ‘मृत्यूची राख’ असा शब्द आहे आणि तो कोण्या कथालेखकाच्या कल्पनेतून आलेला नाही. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली तेव्हा ‘दाइगो फुकुर्यू मारू’ नावाच्या मासेमारी नौकेवर पांढरी राख पडली. नौकेवर २३ खलाशी होते. त्यांच्यापैकी आइकिची कुबोयामा हे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वारले. तेव्हापासून हा शब्द जपानी घरांत रुळला आहे. तोकीची व्याधी म्हणजे काय हे जपानी पोराला त्याच्या आजीने सांगितलेले असते.

आणि तिसरा प्रसंग, ज्याच्यासाठी मी अरुंधतीपासून आरंभ केला तो रेईचा. रेईला ती तारका दिसलेली आहे. बलाढ्य राओ त्याच्या मर्मावर असा आघात करतो की तिसऱ्या दिवशी शरीर फुटून मरण येईल. मामिया नावाच्या स्त्रीवर पूर्वी जो अत्याचार झाला होता त्याचा निवाडा केल्यावाचून रेईला मरायचे नाही. तोकी दुसऱ्या एका मर्मावर बोट ठेवून त्याला थोडा अवधी मिळवून देतो, पण त्यापायी अशा वेदना होतात की एका रात्रीत रेईचे केस पांढरे होतात. काम पुरे होते. मग रेई सर्वांचा निरोप घेतो, एका घरात एकटाच शिरतो आणि दार लावून घेतो. आपले फुटणे कोणी पाहू नये म्हणून. ज्या कथेने शेकडो शरीरे वाचकाच्या डोळ्यांदेखत फोडली, ती कथा या एका माणसाच्या मरणापाशी दाराबाहेर थांबते.

चलच्चित्रांची हकीकत थोडी निराळी आहे. तोएई या संस्थेने केलेली दूरचित्रवाणी मालिका १९८४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे घरोघर जेवणाची ताटे मांडली जात असताना, ती लागे. १९८७ पर्यंत १०९ भाग झाले, आणि लगोलग दुसऱ्या मालिकेचे ४३ भाग १९८८ पर्यंत चालले. दिग्दर्शक तोयोओ आशिदा. जेवणाच्या वेळी, मुलांसमोर, माणसे कशी फोडावी? आशिदांनी तोड अशी काढली की फुटण्याच्या क्षणी शरीराची केवळ काळी छायाकृती राहावी आणि रक्ताच्या जागी प्रकाशाचा झोत यावा. अडचणीतून निघालेली ही युक्ती मला मूळ चित्रांपेक्षाही परिणामकारक वाटते, कारण उरलेले मन आपल्या मनाने भरून काढते. उलट १९८६ साली त्याच दिग्दर्शकाने काढलेल्या चित्रपटात सारा संकोच सोडून दिला, आणि मग चित्रपटगृहात दाखविताना अशा दृश्यांवर रंगांचे नि धूसरपणाचे पडदे टाकण्याची वेळ आली. त्या चित्रपटात रिन या पोरक्या मुलीने राओचा उगारलेला हात थांबविण्याचा प्रसंग आहे. तेवढा सोडला तर पावणेदोन तासांत म्हातारा, तोकी, रेई यांच्यासारख्यांना उसंत उरत नाही आणि मारामारी तेवढी शिल्लक राहते. मोबाइलवर मुले बहुधा अशाच कापून काढलेल्या चकमकी पाहतात. पालकांची धास्ती जर त्यावरून असेल तर ती अनाठायी नाही.

परंतु माझा आक्षेप रक्तावर नाही. रक्ताचे म्हणाल तर भीमाने दुःशासनाची छाती फोडल्याची कथा आपण कीर्तनात आईच्या मांडीवर बसून ऐकली आहे. निद्रिस्त शिबिरातली अश्वत्थाम्याची कत्तल, आणि पुढे मौसलपर्वात द्वारका बुडाल्यावर वाटेत लुटारूंनी स्त्रियांना पळविणे व गांडीवधारी अर्जुनाने हतबल होऊन पाहत राहणे, हे तरी जगाच्या अंतानंतरचे वर्णन नाही तर काय आहे? पण व्यासांनी युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व लिहिले. रणांगणावर गांधारी येते, सुना येतात, आणि शत्रूकडच्या मेलेल्यांचीही नावे घेऊन रडणारे कोणी तरी तेथे असते.

‘होकुतो नो केन’मध्येही स्त्रीपर्व आहे, पण ते मोठ्यांपुरते. साउझर नावाचा एक जुलमी राजा मुलांना वेठीला धरून पिरॅमिड बांधून घेतो. वर चढविण्याचा शेवटचा दगड शू नावाच्या अंध योद्ध्याच्या पाठीवर दिला जातो, आणि त्याखालीच तो प्राण सोडतो. या शूने पूर्वी केन्शिरो लहान असताना त्याचा जीव वाचावा म्हणून स्वतःचे डोळे दिलेले असतात. वाचकाला साउझरचा संताप येतो. आणि मग कळते की हा पिरॅमिड त्याच्या गुरूची समाधी आहे. ज्या गुरूने त्याला बापाच्या मायेने वाढविले त्यालाच, परीक्षा म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधलेली असताना, त्याने नकळत मारले होते. प्रेमापायी असे दुःख होते म्हणून त्याने प्रेमच टाकून दिले. हे जाणून केन्शिरो त्याला ज्या हाताने मारतो त्यात वेदना नाही. साउझर सरपटत गुरूच्या देहापाशी जातो आणि लेकरासारखा तेथे मरतो. हा भाग कोणत्याही भाषेतल्या चांगल्या वाङ्मयात शोभेल.

पण ज्यांना नाव नाही अशा शेकडो गुंडांचे काय? त्यांच्या मरणाचा येथे विनोद होतो. फुटताना ते ‘हिदेबू’, ‘अबेशी’ असे काहीबाही अर्थहीन ओरडतात, आणि दूरचित्रवाणीवर तर शिगेरु चिबा आदी आवाज देणाऱ्या नटांनी त्यात स्वतःच्या पदरची भर घातली. जपानी मुलांच्या तोंडी हे उद्गार बसले. साउझरला बालपण आहे. त्याच्या फटफटीवाल्या शिपायाला ते नाही. तोही त्याच राखेत वाढला असेल, त्यालाही कोणी तरी पाणी नाकारले असेल. कथा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हसत हसत माणूस फोडता येतो, हे मुलाच्या मनात कळत नकळत उतरते ते येथे. क्रौर्य म्हणायचे तर मी याला म्हणेन. (राओचा अंत झाल्यावरचा जो उत्तरार्ध आहे त्याविषयी काही लिहीत नाही, तो खपासाठी लांबविलेला वाटतो, आणि न वाचला तरी चालेल.)

येथे त्याच ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात दहा वर्षे आधी, १९७३ साली सुरू झालेल्या दुसऱ्या चित्रकथेची आठवण होते. ‘हादाशी नो गेन’, म्हणजे अनवाणी गेन. तिचे कर्ते केइजी नाकाझावा हिरोशिमाचे. बाँब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशाने वाचले, आणि वडील, बहीण व धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली जळून मेले. त्यांनी काढलेली चित्रे केन्शिरोच्या जगाहून कितीतरी भयंकर आहेत, कारण ती पाहिलेली आहेत. त्यांत अंगावरची कातडी लोंबत चालणारी माणसे आहेत, आणि त्यांतल्या कोणाचेही मरण विनोदाला दिलेले नाही. योगायोग असा की या कथेतही धान्य आहे. गेनचा बाप मुलांना सांगतो की गव्हाचे कोवळे रोप थंडीत पायदळी तुडवितात, आणि तरी ते ताठ वाढते. हिच्यावरचे चलच्चित्र १९८३ च्या जुलैत निघाले. ‘होकुतो नो केन’ त्यानंतर दोन महिन्यांनी.

यांतली वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हातून काढून घेतली ती कोणती? तर गेन. २०१२ च्या डिसेंबरात नाकाझावा निवर्तले; त्याच महिन्यात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना ही पुस्तके खुल्या कपाटातून काढावयास सांगितले. कारण दिले ते भीषण चित्रांचे. त्यांत जपानी सैनिकांनी परमुलखात केलेल्या अत्याचारांची चित्रेही होती. गदारोळ झाल्यावर २०१३ च्या ऑगस्टात तो निर्णय मागे घेतला गेला. २०२३ मध्ये तर खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतिशिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून गेनला वगळले. शाळेचा कारभार पाहणाऱ्या माणसाला अशा निर्णयामागची भीती ओळखू येते. पालकांची एक तक्रार आली की पुस्तक कपाटात आणि किल्ली खिशात, हा सर्वांत सोपा मार्ग असतो.

केन्शिरोचे मात्र जपानात कौतुकच वाढत गेले. २००६ ते २००८ या काळात पाच भागांची नवी चलच्चित्रे निघाली, आणि त्या निमित्ताने २००७ च्या एप्रिलमध्ये तोक्योतील कोयासान पंथाच्या मंदिरात राओचा अंत्यविधी करण्यात आला. काल्पनिक राओचा, खऱ्याखुऱ्या भिक्षूंकडून! हजारो माणसे रांगेत उभी होती. जाहिरातीचाच प्रकार, पण रांगेतल्या सगळ्यांचे डोळे जाहिरातीसाठी ओले झाले असतील असे म्हणवत नाही.

पालकांना मी जे सांगितले ते असे. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती हे देऊ नये. अकरावी-बारावीच्या मुलाने वाचायचे म्हटले तर अडवू नये. मात्र मोबाइलवरचे तुकडे न पाहता पुस्तक सलग वाचावे, आणि निदान म्हाताऱ्याचा व साउझरचा भाग घरात कोणी तरी त्याच्याबरोबर वाचावा. अकरावीतल्या एका मुलाशी यावर बोलणे झाले. केन्शिरो मारतो ती माणसे वाईटच असतात, मग त्यांच्यासाठी रडायचे कशाला, असे त्याने मला स्पष्ट विचारले. मी त्याला गेनचा हिंदी अनुवाद दिला. आपल्याकडच्या मुलांना हिंदी वाचनाची अडचण नसते. दोन आठवडे झाले, पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. परवा त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, आता त्याचे आजोबा ते वाचीत आहेत, त्यांचे झाले की पाठविते.